सात लाखांची तरतूद

विवाहाचे अंदाजपत्रक हा माझ्या पाहण्यातला एकमेव दस्तऐवज असा आहे, की ज्याची खालची बेरीज आधी लिहितात आणि वरच्या बाबी मागाहून भरतात. वधूपिता एखाद्या रात्री, जेवणे आटोपल्यावर, चष्मा पुसून, वहीच्या कोऱ्या पानाच्या तळाशी एक रक्कम मांडतो, तिच्याखाली दोन रेघा ओढतो आणि ‘यापलीकडे एक पैसा जाणार नाही’ असे शेजाऱ्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर करतो. आणि तेव्हापासून त्या रकमेच्या वर जी मोकळी जागा उरलेली असते तिच्यात घरातला, भावकीतला, गल्लीतला आणि कचेरीतला प्रत्येक हितचिंतक आपापली एकेक ओळ घालू लागतो. मर्यादा ठरविण्याचा अधिकार एकट्या बापाकडे आणि सौंदर्य ठरविण्याचा अधिकार उरलेल्या सर्वांकडे, अशी या संस्थानाची घटना असल्यामुळे ‘मर्यादित खर्चात सुंदर विवाह’ या संकल्पाला आरंभी कोणीच विरोध करीत नाही. विरोध न करता माणसे एखादा संकल्प कसा जमीनदोस्त करतात, हे पाहायचे असेल तर लग्नघरासारखी दुसरी जागा नाही.

आमच्या छावणीत तरी हे निराळे असावे, अशी अपेक्षा बाळगण्यास जागा होती. ही वस्तीच मुळी फौजेसाठी वसलेली. निजामाच्या अमदानीत कंटिंजंटचे स्वार येथे राहत, आणि आजही रस्त्यांची सरळ आखणी, जुन्या बंगल्यांची ऐसपैस आवारे आणि भिंतीत खिळा ठोकण्यापूर्वी कँटोन्मेंट बोर्डाची आठवण काढण्याची रहिवाशांची सवय यांवरून शिस्तीचा तो वारसा ओळखू येतो. परंतु आयुष्यभर हुकूम ऐकत आलेल्या माणसाला हुकूम सोडण्याची संधी मिळते ती लग्नाच्या बैठकीतच, आणि ती तो वाया जाऊ देत नाही. आमच्या शेजारच्या घरी कन्येचे लग्न ठरले तेव्हा पहिल्या बैठकीला जे अकरा जण जमले, त्यांतले दहा जण हुकूम सोडण्यासाठी आले होते आणि अकरावा पैसे देणारा होता.

मला त्या बैठकीत हिशेब जाणणारा माणूस म्हणून बोलावले होते, आणि तेथे मी एक सिद्धांत मांडला. या विषयावर बोलण्याचा अधिकार आमच्या शहराइतका क्वचितच दुसऱ्या शहराला असेल. कारण छावणीतून लोखंडी पुलावरून खाम नदी ओलांडली आणि पाणचक्कीवरून बेगमपुऱ्याकडे वळले, की मर्यादित तरतुदीत सुंदर काम कसे करावे याचा दगडी दाखला साडेतीनशेहून अधिक वर्षे उभा आहे. लग्नाच्या गोष्टीत कबरीचा दाखला देणे अशुभ, हे मला समजते, आणि आत्याबाईंनी तेव्हा ज्या नजरेने माझ्याकडे पाहिले तिच्यावरून ते अधिकच समजले. तरीही बीबीचा मकबरा हा विषयच असा आहे की हिशेबी माणसाला मोह आवरत नाही.

औरंगजेबाची बेगम दिलरस बानू १६५७ साली वारली आणि तिच्या स्मरणार्थ हा मकबरा उभा राहिला. श्रेय पुत्र आझमशहाला देतात, खजिना अर्थात पित्याचा. ताजमहाल उभारणाऱ्या उस्ताद अहमद लाहोरीचा मुलगा अताउल्ला हा येथला स्थपती आणि हंसपतराय हा कामावरचा अभियंता. म्हणजे कारागीर घराणे तेच, नकाशा जवळजवळ तोच, भोवतीचे चार मिनारही तेच. फरक पडला तो तरतुदीत. ताजमहालाचा खर्च परंपरेने तीन कोटी वीस लाख रुपये सांगतात, आणि काटकसरीबद्दल ख्यातनाम असलेल्या औरंगजेबाने येथे मंजूर केले अवघे सात लाख. थोरल्या घरच्या लग्नाचा आल्बम समोर ठेवून ‘अगदी असेच करा, फक्त पंचेचाळीसाव्या हिश्श्यात’ असे मंडपवाल्याला सांगणारा बाप म्हणजे काय, याची कल्पना अताउल्लाला पुरेपूर आली असली पाहिजे.

त्याने काय केले? संगमरवर महाग; तो जयपूरकडच्या खाणींतून आणायचा. फ्रेंच प्रवासी ताव्हर्निये याने सुरतेहून गोवळकोंड्याकडे जाताना संगमरवराने लादलेल्या तीनशेएक गाड्या वाटेत पाहिल्याचे नमूद केले आहे, आणि त्यांतल्या लहानात लहान गाडीलाही बारा बैल जुंपलेले होते. छावणीच्या गुरुवारच्या बाजारात एका बैलजोडीची बोली ज्याने ऐकली असेल, त्याला निव्वळ वाहतूकखर्चानेच घाम फुटेल. तेव्हा या शहाण्या माणसाने संगमरवर लावला तो भिंतीच्या खालच्या पट्ट्याला, जेथे येणाऱ्याजाणाऱ्याचा हात लागतो, आणि लावला तो माथ्यावरच्या घुमटाला, जेथे लांबून पाहणाऱ्याची नजर जाते. मधल्या सगळ्या भागात आमचा काळा फत्तर, त्यावर घोटीव चुन्याचा गिलावा आणि गिलाव्यात नाजूक नक्षी. इमारत पुरी झाली तेव्हा खर्च भरला ६,६८,२०३ रुपये आणि ७ आणे, असा आकडा गुलाम मुस्तफाच्या ‘तारीखनाम्या’च्या हवाल्याने देतात. सात लाखांतून हा वजा केला तर ३१,७९६ रुपये ९ आणे शिल्लक राहते. शिल्लक! लग्नाच्या वहीत हा शब्द मी अद्याप वाचलेला नाही.

‘तस्मात्,’ मी बैठकीत म्हणालो, ‘पाहुण्यांचा हात जेथे लागतो आणि पाहुण्यांची नजर जेथे ठरते, तेवढ्या दोन ठिकाणी संगमरवर लावावा, मधे सगळीकडे गिलावा चालेल.’

हा सिद्धांत सर्वांना एकमताने पटला, आणि येथेच त्याचा घात झाला. कारण आपापली बाब हाच खालचा पट्टा अथवा माथ्यावरचा घुमट आहे आणि इतरांच्या बाबी हा निव्वळ गिलावा आहे, असे दहाही जणांचे ठाम मत पडले. आत्याबाई म्हणाल्या, की मानपान हाच संगमरवर. व्याह्यांकडच्या बायकांच्या हाताला प्रत्यक्ष लागते ती साडी, आणि ती बोटांत चुरगळून पाहिल्याशिवाय कोणी ठेवत नाही. मामांच्या मते घोडा व वरात हा घुमट होता, कारण लांबून दिसते ते तेच. नवऱ्या मुलीच्या भावाने हवेतून चित्रण करणाऱ्या ड्रोनचा प्रस्ताव ठेवला, आणि घुमट वरून पाहायचा असेल तर दुसरे साधन कोणते, असा माझ्याच सिद्धांतावर आधारलेला बिनतोड सवाल मला केला. वहिनींना मेंदीचा व संगीताचा स्वतंत्र दिवस हवा होता. घरातली आजी एवढेच म्हणाली, ‘जेवण चांगलं झालं पाहिजे, बाकी तुमचं तुम्ही बघा,’ आणि माझ्या सिद्धांताचा खरा अर्थ त्या सभेत तिला एकटीलाच कळला होता, असे मला वाटले. स्वतः कन्या पुण्याला संगणकाच्या कचेरीत नोकरीला. ती कोपऱ्यात लॅपटॉप मांडीवर घेऊन प्रत्येकाची सूचना निमूटपणे एकेका रकान्यात भरत होती, आणि तिच्या चेहऱ्यावरची शांतता पाहून मला थोडी भीतीच वाटली.

वस्तुतः लग्नाचा खर्च वाढविणारी बाब एकच, आणि ती म्हणजे माणसे. बाकीच्या साऱ्या बाबी या माणसांना सावली देण्यासाठी, बसविण्यासाठी, खाऊ घालण्यासाठी व थक्क करण्यासाठी असतात. म्हणून निमंत्रितांची यादी आखडली की सगळेच आखडते, हे गणित पाचवीतल्या मुलालाही कळावे. पण यादीतले एक नाव खोडून पाहा म्हणजे त्यातली अडचण कळते. प्रत्येक नावामागे मागे कधीतरी खाल्लेली एक पंगत उभी असते. ‘त्यांच्या धाकट्याच्या मुंजीत आपण चौघे जेवलो’ हा युक्तिवाद कोणत्याही न्यायालयात टिकेल असा आहे. त्यातही निमंत्रणाच्या श्रेणी असतात: ‘घरटी एक’, मग ‘सहकुटुंब’, आणि सर्वांत वर चूलबंद, म्हणजे त्या दिवशी त्या घरची चूल पेटताच कामा नये. छावणीतल्या गल्लीला ‘घरटी एक’ बोलवावे असे ठरले होते. पण उजवीकडच्या घरी आजारपणात केलेल्या मदतीमुळे चूलबंद सांगणे भाग पडले, आणि उजवीकडे चूलबंद सांगितल्यावर डावीकडे ‘एकटेच या’ म्हणायला जी छाती लागते ती कंटिंजंटच्या स्वारांनाही नसती. तीनशेंची यादी तीन संध्याकाळी कमी करीत बसल्यावर ती चारशे ऐंशी झाली.

पुढे आचारी आला. आचाऱ्याशी बोलणी हा लग्नातला खरोखर रसाळ भाग असून त्याकडे लेखकांनी व्हावे तितके लक्ष दिलेले नाही. हा गृहस्थ पाट घेऊन बसला, चहा घेतला, कानावरची पेन्सिल काढली आणि विचारले, ‘मानसं किती?’ वधूपित्याने पाचशे सांगितले. ‘म्हंजे सातशे धरतो,’ असे म्हणून त्याने सामानाची यादी लिहायला घेतली. बुंदीसाठी बेसन, साखर, तुपाचे डबे. वरणाची तूरडाळ, मसाला, हिंग. इथपर्यंत कागद समजण्याजोगा होता. नंतर मात्र त्यात केवड्याच्या अर्काची बाटली, चार पंचे, दोन खराटे, साबणाच्या वड्या, विडीची बंडले आणि चुलीच्या पूजेसाठी नारळ, उदबत्ती व सव्वा रुपया अशी कलमे उतरू लागली. वधूपित्याने केवड्यावर बोट ठेवून हे कशाला म्हणून विचारले, तेव्हा त्याने पेन्सिल खाली ठेवली आणि अत्यंत दुःखी स्वरात म्हणाला, ‘मग नका घालू. पर लोक मला न्हाई, तुम्हाला नावं ठेवतील.’ या एका वाक्यावर आपल्याकडचा सगळा विवाहव्यवसाय चाललेला आहे. बिछायत केंद्रवाला, फुलवाला, बँडवाला, छायाचित्रकार, सर्वांच्या भात्यातला शेवटचा बाण हाच. केवडा राहिला. वांग्याची भाजी, वरणभात, पोळी, बुंदी आणि मठ्ठा हे आमच्या मराठवाड्यातले जेवण मुळात खर्चाचे नाही, आणि पंगतीला बसून, गल्लीतल्या पोरांनी वाढल्यावर ते जितके चांगले लागते तितके उभ्याने लागत नाही. परंतु मामांनी ‘आता पंगत कोण घालतं?’ असा प्रश्न टाकला आणि तिला शामियान्यासह तीन भाज्या, चाट, पाणीपुरी व थंड पदार्थांचे निरनिराळे टेबल असे रूप आले.

मुहूर्ताचाही खर्चाशी फार निकटचा संबंध आहे, आणि तो ग्रहांपेक्षा मंगलकार्यालयांच्या मालकांना अधिक अवगत आहे. तुळशीचे लग्न लागले की बीड बायपासच्या दुतर्फा असलेल्या लॉन्सचे भाव असे काही चढतात की दाट तिथीच्या दिवशी हिरवळीच्या प्रत्येक पात्याचे भाडे निराळे आकारतात की काय, असा संशय यावा. चातुर्मासात त्याच हिरवळीवर कावळे बसलेले असतात. पंचांगकर्त्यांनी अडल्यानडल्यांसाठी काढीव मुहूर्तांची सोय ठेवलेली आहे; तिचा लाभ घ्यावा, निम्मे भाडे वाचेल, असे मी सुचविले. त्यावर सुभेदारसाहेबांनी, म्हणजे मुलीच्या आजोळच्या एका निवृत्त फौजी आप्तांनी, ‘शुक्रवारचा बघा’ असे अनुमोदन दिले. कारण गुरुवारी छावणीचा बाजार भरतो आणि तो उठताना भाजी मातीमोलाने मिळते. लग्नाचा मुहूर्त वांग्यांच्या भावावरून काढण्याची ही कल्पना मला शास्त्रशुद्ध वाटली. ती फेटाळली गेली, आणि घाऊक भाजी जाधववाडीहून येणार असल्याचे सुभेदारांना जरा तोडूनच सांगण्यात आले.

बस्त्याच्या दिवशी मी एक दुबळा प्रयत्न आणखी केला. पैठण येथून पन्नासएक किलोमीटरवर, तेव्हा पैठणी अटळ, हे कबूल. पण वरपक्षाच्या शाली हिमरूच्या घ्याव्यात, असे मी म्हणालो. हिमरू ही या शहराची खास विणाई. सुती ताण्यावर रेशमी बाणा घालून, ज्यांना जरीचा किनखाब परवडत नसे त्यांच्या अंगावर किनखाबाची ऐट चढविण्याचे कौशल्य येथल्या विणकरांनी साधले. मकबरा घ्या की हिमरू घ्या, थोड्या पैशात राजेशाही थाट उभा करणे हाच या नगरीचा कुळाचार आहे. आत्याबाईंनी शाल बोटांत धरून चुरगळली, आणि ‘चांगली आहे, पण सुती ताणा कळतो हो,’ असा निर्वाळा दिला. तीनशे वर्षांत दरबाऱ्यांना जे खटकले नाही, ते गुलमंडीवरच्या दुकानात साडेतीन मिनिटांत उघडकीस आले.

साध्या विवाहाचा मार्ग कोणी दाखविला नाही, असे मात्र म्हणता यायचे नाही. जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला त्याच वर्षी, २५ डिसेंबर १८७३ रोजी, पुण्यात पहिला सत्यशोधक विवाह लागला. भटजी नाही, डामडौल नाही, आणि खर्च जवळजवळ पानसुपारीपुरता. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने तर पानसुपारीही ऐच्छिक केली: तीस दिवसांची नोटीस आणि तीन साक्षीदार, इतकी सामग्री पुरते. तरीही आपल्याकडे साधेपणा खऱ्या अर्थाने अंमलात आला तो सरकारी हुकुमानेच. महामारीच्या त्या दुःखद काळात, २०२० साली पन्नास पाहुण्यांची मर्यादा आली, आणि एप्रिल २०२१ मध्ये राज्य सरकारने माणसे पंचवीस, वेळ दोन तास आणि उल्लंघनास पन्नास हजार रुपये दंड, असे फर्मान काढले. तेव्हा आमच्या गल्लीतही एक लग्न झाले. पंचवीस माणसांत अक्षता प्रत्यक्ष वधूवरांच्याच डोक्यावर पडल्या आणि मंगलाष्टकांचे शब्द प्रथमच ऐकू आले. त्या वधूपित्याला नंतर अनेकांनी हळहळून सांगितले, की तुमची हौस राहून गेली. आणि तोही चेहरा पाडून ‘काय करणार, सरकारपुढे इलाज नाही’ म्हणाला. त्याचा तो पडलेला चेहरा मी निरखून पाहिला आहे. इतका समाधानी पडलेला चेहरा विरळा.

आता आमच्या शेजाऱ्यांकडचा शेवट सांगतो. मराठवाड्यात ‘यादी पे शादी’ नावाचा एक प्रकार रूढ आहे. सोयरीक जुळल्यावर दोन्हीकडची वडील मंडळी बसून देण्याघेण्याची, मानपानाची व खर्चाच्या वाटणीची यादी लिहितात आणि वाचून दाखवितात. आणि कधीकधी ती यादी वाचता वाचता तिच्या लांबीनेच अंतःकरण हेलावून कोणीतरी शहाणा म्हणतो, की माणसे जमली आहेत, भटजी गावात आहे, तर लग्नच का लावून टाकू नये? यादी करायला आलेली मंडळी लग्न लावून परत जातात. त्या रविवारी शेजारी यादीचीच बैठक होती. मुलाकडचे आठ-दहा लोक जालन्याहून आले होते. यादी वाचायला कन्येलाच सांगितले, कारण ती तिच्या यंत्रात होती. आणि तिने प्रत्येकाची सूचना, सुचविणाऱ्याचे नाव आणि पुढे रक्कम, अशी एकेक ओळ सपाट आवाजात वाचली. ‘घोडा व वरात, मामा, इतके. मानाच्या साड्या एकवीस, आत्या, इतके. ड्रोन, दादा, इतके.’ शेवटी बेरीज सांगून तिने वडिलांच्या दोन रेघांवरची मूळ रक्कमही वाचली. दोहोंतले अंतर ऐकून खोलीत कोणीही कोणाकडे पाहीना.

तेव्हा नवऱ्या मुलाचे आजोबा, जे तोवर सुपारी कातरण्यापलीकडे काही करीत नव्हते, अडकित्ता मिटवून म्हणाले, ‘एवढं मांडून ठेवायलेत कशाला? आलोच हावोत, तर आजच उरकून टाकू की.’ वधूपित्याने मुलीकडे पाहिले. मुलीने मुलाकडे पाहिले. मुलाने, भावी आयुष्याची दिशा स्पष्ट करीत, आजोबांकडे पाहिले. ‘मला चालेल,’ मुलगी म्हणाली आणि तिने यंत्र मिटले. मग जी धांदल उडाली ती सांगता सोय नाही. भावाला मंगळसूत्रासाठी सराफ्याला पिटाळले, सुभेदारांनी पंधरा मिनिटांत गल्लीतून सतरंज्या व दोन पंखे जप्त करून आणले, अंतरपाटाला आजीचे धुवट लुगडे लागले, आणि गोरज मुहूर्तावर, शेजारच्या बंगल्यातल्या जुन्या कडुलिंबाखाली, साठएक माणसांत लग्न लागले. वांग्याची भाजी, वरणभात, बुंदी गुलमंडीवरून आणलेली. वाढायला गल्लीतली पोरे. मुलीच्या अंगावर आईची पैठणी होती. मी पुष्कळ लग्ने पाहिली आहेत. याहून सुंदर आठवत नाही. वधूपित्याच्या वहीतल्या दोन रेघांच्या वर बरीच मोकळी जागा राहिली होती, आणि तो रात्री उशिरापर्यंत ते पान उघडून बसला होता, असे त्याच्या पत्नीने सांगितले.

ती मोकळी जागा मंगळवारपर्यंत टिकली. लग्नाला न बोलावलेल्या चारशे वीस माणसांचे काय, असा प्रश्न बुधवारी आत्याबाईंनी काढला. आणि तो रास्त होता, कारण त्या चारशे वीसांच्या घरी आपण जेवलो होतो. तेव्हा स्वागतसमारंभ करावा, साधाच करावा, असे ठरले. पुढच्या महिन्यात बीड बायपासवरच्या एका लॉन्समध्ये तो झाला. मामा घोड्यावर नवरदेव आणू शकले नाहीत, कारण लग्न होऊन गेले होते. म्हणून बग्गी आणली. डोक्यावरून ड्रोन फिरत होते, चाटच्या टेबलापाशी रांग होती, आणि मधोमध उसळणाऱ्या चॉकलेटच्या कारंज्यापाशी उभ्या राहून आत्याबाई व्याह्यांकडच्या एका बाईंना सांगत होत्या, ‘लग्न मात्र अगदी साधेपणानं केलं हो आम्ही.’